केळीला रक्त कशाला? जादुई वास्तववादी कथा पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या जादुई वास्तववादी कथेत केळीच्या खोडावर कोयता पडला की रक्त यायचं. चोपडा तालुक्यातली बाग, पडलेला भाव, बांधावर उभा व्यापारी आणि खोडातून भळाभळा रक्त. मला वाटलं, जमलं. कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली. सोबत दीड पानी पत्र जोडलं: रक्त म्हणजे शोषण, कोयता म्हणजे बाजार वगैरे. दोन महिन्यांनी कथा परत आली. समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं होतं, "चीक कुठे गेला?"

आठवडाभर राग धरला. मग घरी गेलो, तर मागच्या दारी खुंटीवर वडिलांचा बागेतला सदरा लटकत होता. केळीचा चीक अंगावर उडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. वाळला की काळपट तपकिरी डाग पडतो आणि तो कपडा फाटेपर्यंत जात नाही. घड कापायला जाणाऱ्या माणसाचे कपडे म्हणूनच वेगळे ठेवलेले असतात. त्या कपड्यांत तो लग्नाला जात नाही, बँकेतही जात नाही. मला रक्तातून जे सांगायचं होतं ते खुंटीवर टांगलेलं होतं. मी मात्र ते सोडून सिनेमातलं रक्त आणलं.

तीन कथा वाया घालवल्यावर थोडंफार समजलं. ते इथे क्रमानं मांडतो.

आधी नावाचा घोळ मिटवू

'जादुई वास्तववाद' हा शब्द मुळात चित्रकलेतला. १९२५ मध्ये फ्रान्झ रोह या जर्मन समीक्षकानं त्या वेळच्या चित्रांबद्दल तो वापरला. १९४९ मध्ये क्यूबाचे लेखक आलेहो कार्पेंतिए यांनी मांडलं की लॅटिन अमेरिकेत अद्भुत मुद्दाम घडवावं लागत नाही, ते तिथल्या रोजच्या जगण्यातच असतं. पुढे १९८२ मध्ये गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांना नोबेल मिळालं आणि हा शब्द जगभर पोचला. आपली आजी अशक्य गोष्टी अगदी सहज, चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगायची आणि लिहिण्याचा सूर तिथेच सापडला, असं मार्केझ मुलाखतीत सांगत.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमची आजी घागर भरायची, वर खरबूज आणि आंबा ठेवायची, चुलीत आगारी (पितरांसाठी विस्तवात टाकायचा घास) टाकायची आणि मला सांगायची, "आज तुना आजला जेवाले येतीन, दार लाऊ नको." आजोबा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तिच्या आवाजात ना गूढ, ना रडू. दूधवाला येणार आहे, पातेलं बाहेर ठेव, असं सांगावं तसं ती सांगायची.

परीकथेत सगळं जगच वेगळं असतं. भूतकथेत वाचकाला दचकवायचं असतं. आपल्या प्रकारात जग हेच, एसटीचं वेळापत्रकही हेच. फक्त एक गोष्ट अशक्य असते आणि तिच्यामुळे कुणी दचकत नाही. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

काय जवळ हवं

- दोनशे पानी वही. मोबाइलमध्ये टिपणं हरवतात, निदान माझी तरी.
- भिंतीवरची दिनदर्शिका. कशासाठी, ते पुढे येईल.
- सत्तरीच्या पुढचं, बोलकं एक माणूस.
- ज्या कामाबद्दल लिहिणार ते काम करणारं दुसरं एक माणूस. हा लेखक नसला तर उत्तम.

१. कुरकुर लावणारी एक खरी गोष्ट धरा

सुरुवात जादूपासून करू नका. ज्याबद्दल गावात रोज कुरकुर चालते असं काहीतरी घ्या. मी घेतलं ते सावलीचं. सुरत-नागपूर महामार्ग चौपदरी झाला तेव्हा कडेची जुनी झाडं गेली. पारोळा ते एरंडोल या पट्ट्यात मे महिन्यात गाडी बंद पडली की माणूस ट्रकच्या सावलीत उभा राहतो. दुसरी कुरकुर: गावातली तरणी पोरं सुरतेला. घरोघरी एक तरी रिकामी खाट.

या दोन कुरकुरी मी वहीत शेजारी शेजारी लिहिल्या आणि चार दिवस तशाच ठेवल्या.

२. अशक्य गोष्ट एकच

चार दिवसांनी वाक्य सुचलं: भिका सुरतेला गेला, त्याची सावली ओट्यावरच बसून राहिली.

इथे नवा माणूस हमखास चुकतो. सावली राहिली, तर तिला बोलतंही करू, विहिरीतून गाणंही येऊ दे, बैलालाही स्वप्न पडू दे. नको. एक अशक्य गोष्ट वाचक मान्य करतो, दुसरीला भुवई उंचावतो आणि तिसरीला पान उलटतो. मोठ्या कादंबरीत चालेल. तीन हजार शब्दांच्या कथेत एकीचाच हिशेब नीट द्या.

३. तिचे नियम वहीत लिहून काढा

यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवावा. सावली बोलत नाही. जागा सोडत नाही. सकाळी लांब, दुपारी आखूड, संध्याकाळी पुन्हा लांब, म्हणजे बाकी सावल्यांसारखीच. ढग आले की दिसत नाही. मग पावसाळ्यात काय? भिकाची आई चार महिने काय करते? रात्री ओट्यावरचा दिवा लावला तर ती दिसते का? मी ठरवलं, दिसते, म्हणून आई दिवा लावून ठेवते आणि विजेचं बिल वाढतं. बिलावरून मोठ्या मुलाशी भांडण. बघा, नियम लिहिताना कथानक आपोआप पुढे सरकलं.

नियम लिहिताना खरं शास्त्रही तपासा. मला शून्य सावली दिवस असाच सापडला. खानदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २१ अंश अक्षांशावर. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या वस्तूची सावली काही क्षण पायाखाली नाहीशी होते. जुलैच्या मध्याला हाच प्रकार पुन्हा होतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. शाळेत मुलांना अंगणात नळी उभी करून हे दाखवतात.

आता विचार करा. गावातल्या सगळ्यांच्या सावल्या त्या दुपारी क्षणभर जातात आणि परत येतात. भिकाची परत येईल का? त्याच्या आईला हे कुणी सांगितलं? बहुधा शाळेतल्या नातीनं. ती बाई त्या दिवशी सकाळपासून काय करत असेल? मला सबंध कथा या एका खऱ्या गोष्टीनं दिली. कल्पनेला ताण देऊन ती मिळाली नसती.

४. सूर आजीचा ठेवा

माझा पहिला मसुदा असा होता:

"आणि मग ती अतर्क्य, विलक्षण घटना घडली! गावकऱ्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ओट्यावर एक गूढ सावली निश्चलपणे बसलेली होती..."

'अतर्क्य', 'विलक्षण', 'गूढ', उद्गारचिन्ह आणि टिंबं, सगळं एकदम. लेखक स्वतःच घाबरल्यावर वाचक कशाला घाबरेल? आता पाचवा मसुदा:

"भिका सुरतेला गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी वत्सलाबाईंनी बिबड्यांची खाट ओट्यापासून दोन हात लांब ओढली. सावली तिथेच बसली होती. 'जाताना सोबत न्यायची ना,' त्या म्हणाल्या आणि उरलेल्या एकवीस बिबड्या उन्हाकडच्या बाजूला सरकवल्या."

वत्सलाबाई शेजारीण आहेत. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. त्या ओल्या कापडावर थापायच्या आणि खाटेवर वाळवायच्या, तर कडक ऊन हवं. म्हणून सावली त्यांच्या दृष्टीनं अडचण. ती अडचण झाली म्हणूनच खरी वाटते. तुमच्या कथेतली अशक्य गोष्ट कुणाच्या तरी कामाच्या आड येते का, हे बघा. येत नसेल तर ती अजून नुसती कल्पना आहे.

एकवीसच का? मार्केझ यांचंच सांगणं: आकाशात हत्ती उडत होते म्हटलं तर कुणी मानणार नाही, चारशे पंचवीस हत्ती उडत होते म्हटलं तर कदाचित मानतील. आकडा नेमका असला की सांगणाऱ्यानं मोजलंय असं वाटतं. मात्र पानोपानी आकडे पेरू नका, ते लगेच पकडलं जातं.

५. गावाला कामाला लावा

अशक्य गोष्टीभोवती माणसं आपापल्या हिशेबानं वागली पाहिजेत. माझ्या कथेत दुपारी पोस्टमन त्या सावलीत सायकल लावतो. एक म्हातारा पत्ते घेऊन येतो. भिकाचा थोरला भाऊ वाटणीच्या वेळी म्हणतो, सावली ओट्यावर आहे, ओटा माझ्या वाट्याला आला, मग पत्तेवाल्यांनी मला विचारून बसायचं.

इथे माझी एक फजिती सांगतो. थोरला भाऊ तलाठ्याकडे जाऊन सावलीची नोंद सातबाऱ्यावर करा म्हणतो, असा प्रसंग मी रंगवला होता. ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या माझ्या चुलत बहिणीनं कथा वाचली. सावलीबद्दल एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "दादा, ओटा गावठाणात ना? मग सातबारा कुठून आणलास? घराचा नमुना आठचा उतारा, तो आमच्याकडे." माणूस गेल्यावर सावली मागे राहते हे तिनं मुकाट्यानं मानलं, चुकीचा उतारा मात्र तिला सहन झाला नाही. तुमचा वाचक असाच असणार. अद्भुतात सूट मिळते, उताऱ्यात नाही.

दिनदर्शिका याचसाठी. बिबड्या श्रावणात वाळत घातल्या, कांदेबागेची केळी जूनमध्ये लावली, तर जळगाव जिल्ह्यातला वाचक तिथेच थांबेल. जून-जुलैची ती मृगबाग, कांदेबाग ऑक्टोबरच्या सुमाराची.

६. प्रतीक लावायचं नसतं

प्रतीकांबद्दल नवे लेखक फार घाई करतात, मीही केली. कावळा म्हणजे मृत्यू, उंबरठा म्हणजे बंधन, पिंजरा म्हणजे बाई, अशी यादी डोक्यात तयार असते. त्यात वाचकाला करायला काही उरत नाही.

प्रतीक कसं तयार होतं ते खानदेशातल्या कानबाई या देवीच्या सणात बघा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात नारळ बसतो. बाजारात तो नारळच असतो. मग त्याला नथ घालतात, दागिने चढवतात, साडी नेसवतात, रोट करतात, रात्रभर जागतात, गाणी म्हणतात. सोमवारी सकाळी मिरवत नदीवर नेतात तेव्हा बायकांचे डोळे भरलेले असतात. नारळ म्हणजे देवी, असं मध्ये कुणी उभं राहून जाहीर केलं का? लोक त्याच्याशी ज्या रीतीनं वागले, त्यातून तो देवी झाला.

कथेतही हेच. सावली म्हणजे भिकाची अनुपस्थिती, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. आई रोज सकाळी सडा टाकताना तेवढी जागा सोडते. पहिल्यांदा हे एका वाक्यात येतं. दुसऱ्यांदा पाहुणी म्हणते, "इथे कोरडं राहिलं." तिसऱ्यांदा आई आजारी, सून सडा टाकते आणि तीही ती जागा सोडते. तीन वेळा, दरवेळी थोडा फरक. चौथ्यांदा आणलं तर ती शिकवणी होते.

एक कसोटी सांगतो. तुमची वस्तू आधी वस्तू म्हणून पूर्ण हवी. केळीचं झाड एकदाच निसवतं, म्हणजे घड देतं, घड कापला की ते संपतं आणि बुंध्याशी पील, म्हणजे नवा कोंब, आलेलं असतं. त्यावर पुढची पिलबाग उभी राहते. आई आणि लेकराबद्दल काही म्हणायचं असेल तर एवढं पुरेसं आहे. शेतकरी कुठलं पील ठेवतो, कुठलं कापून टाकतो, एवढं नीट लिहा. त्यावर 'मातृत्वाचं प्रतीक' अशी चिठ्ठी डकवलीत तर झाड मरेल.

७. खड्डे

पहिला: शेवटी ते स्वप्न होतं. पुलाखालून फेकून द्या ही कल्पना. भिकाला ताप आला होता, आईला भास झाला, हेही त्यातच. वाचकानं विश्वास टाकला आणि तुम्ही त्याला वेड्यात काढलंत.

दुसरा: जादूनं प्रश्न सोडवणं. कर्ज झालं आणि विहिरीतून नाणी आली, ही लोककथा झाली. सावलीमुळे भिकाच्या घरचं एकही संकट टळत नाही, उलट बिल वाढतं.

तिसरा: लोकांच्या श्रद्धेची टर उडवणं किंवा तिची जाहिरात करणं. दोन्हींत लेखक वर बसतो आणि गाव खाली.

चौथा खड्डा गंभीर आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिला मारहाण करणं, गावाबाहेर काढणं असे प्रकार प्रत्यक्षात घडलेले आहेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच झाला नाही. त्यामुळे 'गावानं डाकीण म्हटलं आणि ती खरोखरच निघाली' असली कथा रंगतदार वाटली तरी लिहू नका. ज्या खोट्यामुळे जिवंत बाईला दगड बसतात, ते खोटं कथेत खरं ठरवण्याची मुभा मी तरी स्वतःला देत नाही. भगताच्या (गावच्या मांत्रिकाच्या) पुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांनी लिहा, तिथे सामग्री भरपूर आहे.

पाचवा: परदेशी सामान. मार्केझ यांच्या कादंबरीतली पिवळी फुलपाखरं, चार वर्षं न थांबणारा पाऊस, केळीची कंपनी. शेवटचं तर आपल्या अगदी जवळचं वाटतं, कारण केळी आपल्याकडेही आहेत; पण ते दुसऱ्याच्या आजीचं आहे. आपल्याकडे वाघावर बसून येणारे चांगदेव आहेत, त्यांच्यासमोर चालत गेलेली भिंत आहे, मुंगीनं सूर्य गिळल्याचा मुक्ताईचा अभंग आहे. मुक्ताईनगरजवळ कोथळीला जा, तापीकाठी उभे राहा आणि कुणालाही विचारा. वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, हे लोक असं सांगतात जणू काल संध्याकाळची गोष्ट. त्या सांगण्यातली वाक्यरचना ऐका. कथा उचलू नका, श्वास कुठे घेतात ते उचला.

८. शेवट

मी चार शेवट लिहिले. एकात सावली परत आली, एकात नाही. एकात भिकाच परत आला, तो फारच गोड झाला. सध्याचा असा आहे: शून्य सावलीच्या दुपारी आई सव्वाबारापासून ओट्यावर बसते, बरोबर त्या जागेवर. साडेबारा होतात. तिची स्वतःची सावलीही तिच्याखाली गोळा होते. मग सूर्य सरकतो आणि तिच्या बाजूला एक सावली लांबू लागते. नात विचारते, "आजी, ही कोणाची?" आई म्हणते, "सरक, तुला ऊन लागतंय."

शेवटी अशक्य गोष्टीचं कारण सांगायचं नाही, हे पक्कं. पण ती सुरुवातीला होती तिथेच सोडायचीही नाही. कुणीतरी तिच्याजवळ किंवा तिच्यापासून लांब सरकलेलं असावं.

९. पाठवण्याआधी

मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा 'गूढ' किंवा 'विलक्षण' लपलेलं असतं. बोली वापरली असेल तर ती बोलणाऱ्याकडून तपासून घ्या. अहिराणी आणि लेवा बोली एकच समजून सरमिसळ करू नका, रावेर-यावलचा माणूस आणि धुळ्याचा माणूस दोघेही हसतील.

पाठवताना लागेल ते:

- युनिकोडमध्ये टाइप केलेली प्रत, पानांना क्रमांक दिलेले. अंकानं शब्दमर्यादा दिली असेल तर तीच पाळा.
- चार ओळींचं पत्र: नाव, पत्ता, फोन, कथा अप्रकाशित असल्याचा उल्लेख. अर्थ समजावणारी एकही ओळ नको. माझं दीड पान आठवा.
- स्वतःकडे एक प्रत आणि कुठे, कधी पाठवली याची नोंद. एका वेळी एकाच अंकाकडे.

दिवाळी अंकांसाठी कथा पावसाळ्याच्या तोंडाशीच तयार हवी. गणपतीत पाठवली की पुढच्या वर्षीचीच वाट बघावी लागते.

केळीची कथा मी पुन्हा लिहिली आहे. रक्त काढलं. आता तिच्यात एक बाई नवऱ्याचा बागेतला सदरा धुते, डाग तसाच राहतो, आणि एके सकाळी तो डाग तिच्या धुतलेल्या लुगड्यावर, त्याच जागी उमटलेला असतो. ती बाई तो कुठल्या साबणानं घासते, यावर सध्या अडलंय. चुलत बहीण आखाजीला माहेरी येणार आहे, तिला विचारेन.